हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाची छोटी खासगी सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई बेटांवर सुटी घालवायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढली आहे. त्यांत अमेरिकेत राहणारी मुले आणि त्यांना भेटायला भारतातून आलेले आई-वडील असे एकत्र प्रवास करणारे बरेच असतात. ज्वालामुखी पाहण्यासाठी मोठ्या बसने जावे, स्वतः गाडी चालवावी की केवळ आपल्या कुटुंबापुरता गाईड घ्यावा, या प्रश्नापाशी ते अडतात. पुढील उत्तरे अशा वाचकांसाठी लिहिली आहेत.

हे उद्यान नेमके कोठे आहे?

हवाई हे अमेरिकेचे राज्य अनेक बेटांचे आहे आणि त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाई हेच आहे. गोंधळ टाळण्यासाठी त्याला ‘बिग आयलंड’ म्हणतात. उद्यान या बेटाच्या आग्नेय भागात आहे. होनोलुलू शहर वेगळ्या, ओआहू नावाच्या बेटावर असल्यामुळे तेथे मुक्काम असणाऱ्यांना विमानानेच यावे लागते, ही गोष्ट आरक्षण करताना अनेकांच्या लक्षात येत नाही. उद्यानाची स्थापना १९१६ साली झाली आणि १९८७ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. समुद्रकिनाऱ्यापासून ४,१६९ मीटर उंचीच्या मौना लोआ शिखरापर्यंत ते पसरलेले आहे. किलाउएआ आणि मौना लोआ हे दोन जागृत ज्वालामुखी त्याच्या हद्दीत येतात. पर्यटकांचा बहुतेक वेळ सुमारे १,२०० मीटर उंचीवरील किलाउएआच्या माथ्यावर जातो.

वाहता, लाल लाव्हा नक्की पाहायला मिळेल का?

याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. जो गाईड किंवा दलाल अशी खात्री देतो, त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

किलाउएआची अलीकडची वागणूक समजून घेतली, तर अपेक्षा योग्य जागी राहतात. पूर्वेकडील पू ओओ येथील उद्रेक १९८३ पासून २०१८ पर्यंत चालला होता आणि त्या काळातील पर्यटकांना लाव्हा वाहताना पाहण्याची संधी पुष्कळदा मिळे. २०१८ साली मे ते ऑगस्ट या महिन्यांत ज्वालामुखीच्या पोटातील शिलारस खालच्या भागात निघून गेला, उद्यानाबाहेरील वस्त्यांत ७०० हून अधिक घरे लाव्हाखाली गेली आणि माथ्यावरचे हालेमाउमाउ विवर खचून सुमारे ५०० मीटर खोल झाले. त्या खड्ड्यात पुढच्या वर्षी पाणी साचून तळे तयार झाले. डिसेंबर २०२० मध्ये नवा उद्रेक सुरू होताच ते उकळून नाहीसे झाले. त्यानंतर माथ्यावर अनेक उद्रेक झाले. २३ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या उद्रेकाचे रूप तर अगदी निराळे निघाले. लाव्हाची कारंजी काही तास, क्वचित दिवसभराहून अधिक काळ उसळतात, मग अचानक थांबतात, आणि पुढचा प्रसंग काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी येतो. २०२५ मध्ये यांपैकी काही कारंजी ३०० मीटरपेक्षाही उंच गेली.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, आपला दिवस दोन प्रसंगांच्या मधल्या शांततेत पडण्याची शक्यता अधिक असते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची हवाई ज्वालामुखी वेधशाळा, जी १९१२ पासून काम करते आहे, किलाउएआची स्थिती रोज जाहीर करते. ज्वालामुखीचा माथा किती फुगला आहे यावरून पुढील प्रसंग साधारण कोणत्या दिवसांत येईल, याचा अंदाजही ती देते. विवरावर रोखलेले तिचे कॅमेरे कोणालाही घरबसल्या पाहता येतात. बेटावर चार-पाच दिवस मुक्काम असेल, तर उद्यानाचा दिवस आधीच पक्का न करता एखादा पर्यायी दिवस हाताशी ठेवावा. ज्या गाईडशी अशी लवचीक बोलणी होऊ शकते, तोच खरा उपयोगाचा.

रस्ते चांगले आहेत आणि नकाशाही मिळतो. मग खासगी गाईड कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. उद्यानात गाईड बंधनकारक नाही. खासगी गाडीचे प्रवेशशुल्क ३० डॉलर असून ते सात दिवस चालते. रोख रक्कम स्वीकारली जात नाही, त्यामुळे कार्ड जवळ असावे. निवांत दोन दिवस काढू शकणाऱ्या, वाचनाची आवड असणाऱ्या आणि स्वतः गाडी चालवणाऱ्या कुटुंबाने गाईड घेतला नाही, तरी फारसे बिघडत नाही.

परंतु ज्यांच्या हाती एकच दिवस आहे, त्यांच्यासाठी जाणत्या गाईडचे मोल मोठे आहे. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, त्यामुळे विवराच्या कोणत्या काठावर धूर येईल, ढग किती वाजता खाली उतरतील, वाहनतळ केव्हा भरतील, यांचा विचार करून तो सकाळी ठरलेला क्रम दुपारी बदलतो. पन्नास माणसांच्या बसला हे जमत नाही. शिवाय लाव्हा न दिसणाऱ्या दिवशी हे उद्यान अनोळखी डोळ्यांना काळ्या खडकाचे ओसाड माळरान वाटू शकते. त्या खडकातली अक्षरे वाचून दाखवणारा माणूस सोबत असला, की तेच माळरान बोलू लागते. माझ्या मते खासगी सहलीचे पैसे या वाचनासाठी द्यावेत, लाव्हाच्या आशेवर देऊ नयेत.

‘छोटी खासगी सहल’ म्हणजे किती माणसे, आणि खर्चाचा हिशेब कसा असतो?

साधारणपणे एका गाडीत मावतील इतकी, म्हणजे दोनपासून सहा-सात माणसांपर्यंत. दर बहुधा माणशी नसून संपूर्ण गाडीचा किंवा दिवसाचा असतो, म्हणून दोघांना ही सहल महाग पडते आणि तीन पिढ्यांच्या कुटुंबाला ती बसच्या तिकिटांच्या जवळपास येऊ शकते. ‘लहान गट’ आणि ‘खासगी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान गटात अनोळखी माणसेही आपल्याबरोबर असतात, हे नोंदणीपूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. व्यावसायिक सहलींच्या वाहनांना प्रवेशशुल्काचे नियम वेगळे असल्यामुळे सांगितलेल्या रकमेत ते धरले आहे का, हेही विचारावे.

गाईड निवडताना कोणती चौकशी करावी?

सर्वप्रथम परवान्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत पैसे घेऊन सहल नेण्यासाठी उद्यान प्रशासनाची व्यावसायिक परवानगी लागते आणि तिच्यासोबत विम्याची अटही असते. समाजमाध्यमांवर ‘मी फिरवून आणतो’ असे सांगणाऱ्या हौशी माणसाकडे ही परवानगी नसेल, तर अपघाताच्या वेळी आपली बाजू लंगडी पडते. त्यानंतर प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, गाडीतील आसनांची संख्या, लहान मुलांसाठीची सुरक्षा-आसने आणि दिवसभरात प्रत्यक्ष किती चालावे लागेल, हे विचारावे. हवाईच्या कायद्यानुसार लहान मुलांना गाडीत वेगळे आसन आवश्यक असते. मांडीवर बसवून नेता येत नाही.

आणखी एक प्रश्न मी आवर्जून विचारायला सांगेन: “लाव्हा नसेल, तर आम्हाला काय दाखवाल?” या प्रश्नावर जो मनापासून आणि तपशिलाने बोलतो, त्याच्याबरोबर जावे.

दिवसभरात साधारण काय काय पाहून होते?

क्रम वाऱ्यावर आणि पावसावर अवलंबून असला, तरी काही ठिकाणे बहुतेक सहलींत येतात. माथ्यावर वाफेची विवरे आहेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खालच्या तापलेल्या खडकाला टेकते आणि भेगांतून वाफ होऊन वर येते. थंड सकाळी कठड्यापाशी उभे राहिले, की चष्म्याच्या काचा क्षणात धुरकट होतात आणि हाताला ओलसर ऊब लागते. जवळच गंधकाचा उतार आहे. तेथे वायूच्या झोतांभोवती पिवळे स्फटिक धरलेले दिसतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हालेमाउमाउ विवर पाहण्यासाठी उवेकाहुना आणि केआनाकाकोई या बाजूंच्या जागा आहेत. पहिली गाडीतून उतरताच गाठता येते, तर दुसऱ्या जागी जुन्या डांबरी रस्त्याने सुमारे दीड किलोमीटर चालत जावे लागते.

नाहुकू ही लाव्हाची नळी मुलांना विशेष आवडते. वाहत्या लाव्हाचा वरचा थर थंड होऊन छत बनतो, आतला रस वाहून जातो आणि बोगदा मागे उरतो. सुमारे ५०० वर्षांपूर्वी असाच तयार झालेला हा बोगदा आज नेचांच्या दाट जंगलातून चालत जाऊन पाहता येतो. आत दिव्यांची सोय असली, तरी बॅटरी जवळ असावी.

चालण्याची तयारी असणाऱ्यांनी किलाउएआ इकीची वाट चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. १९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या विवरात उसळलेले लाव्हाचे कारंजे ५८० मीटरपर्यंत पोहोचले होते. विवराच्या तळाशी शंभर मीटरहून अधिक खोल लाव्हाचे तळे साचले आणि ते आतपर्यंत घट्ट व्हायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. आज त्याच तळ्याच्या गोठलेल्या पृष्ठभागावरून वाट जाते. सुमारे सव्वापाच किलोमीटरची ही फेरी आधी जंगलातून सव्वाशे मीटर खाली उतरते. तळावर पावलांखाली मोठमोठे तडे आहेत, काही तड्यांतून अजूनही वाफ निघते, आणि अगदी मूठभर माती नसलेल्या फटीत ओहियाचे वीतभर रोप तांबड्या फुलाचा गुच्छ घेऊन उभे असते. नव्या लाव्हावर रुजणाऱ्या पहिल्या झाडांत ओहियाची गणना होते. या झाडाला गेल्या काही वर्षांत बुरशीच्या घातक रोगाने ग्रासले आहे, म्हणून वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या ब्रशने बूट घासून मगच पुढे जायचे असते. ते काम कोणी कंटाळून टाळू नये.

वेळ उरला, तर चेन ऑफ क्रेटर्स रस्त्याने समुद्रापर्यंत उतरावे. सुमारे ३० किलोमीटरच्या या रस्त्यावर १९६९, १९७४ अशा सालांच्या पाट्या दिसतात. त्या त्या साली लाव्हा जेथून वाहिला, तेथे त्या लावलेल्या आहेत. शेवटी होलेई येथे लाटांनी कोरलेली कमान पाहता येते. वाटेत पूउलोआ येथे खडकावर कोरलेल्या २३,००० हून अधिक आकृती आहेत. त्यांतील पुष्कळ आकृती म्हणजे नुसते वाटोळे खळगे. नवजात बाळाला दीर्घायुष्य लाभावे म्हणून हवाईयन कुटुंबे त्याच्या नाळेचा तुकडा अशा खळग्यात ठेवीत असत. ‘येथे माझी नाळ पुरली आहे’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या आपल्या माणसांना या जागेचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेथे लाकडी मार्गावरूनच फिरायचे, खडकावर पाय द्यायचा नाही.

या रस्त्यावर खाद्यपदार्थ, पाणी किंवा पेट्रोल काहीही मिळत नाही.

मुक्काम हिलोला असावा की कोनाला?

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील हिलो शहराहून उद्यान सुमारे ४८ किलोमीटर, म्हणजे पाऊण तासावर आहे. पश्चिम किनाऱ्यावरील कोनाहून ते सुमारे दीडशे किलोमीटर असून एका बाजूचे दोन ते अडीच तास लागतात. कोनाला हवा कोरडी आणि समुद्रकिनारे चांगले असल्यामुळे बहुतेक कुटुंबे तेथे उतरतात, आणि मग सहलीचे चार-पाच तास गाडीतच जातात. एक रात्र हिलोला किंवा उद्यानाच्या वेशीवरील व्होल्कॅनो गावात काढणे मला केव्हाही अधिक शहाणपणाचे वाटते.

आई-वडील सत्तरीचे आहेत आणि गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना जमेल का?

जमेल, आणि खासगी सहलीचा सर्वांत मोठा फायदा त्यांनाच होतो. वाफेची विवरे आणि उवेकाहुना येथे चालणे अगदी थोडे आहे. डेव्हास्टेशन नावाची वाट पक्की बांधलेली असून तेथे चाकाची खुर्चीही नेता येते. १९५९ च्या उद्रेकात राख आणि सच्छिद्र दगडांच्या वर्षावाखाली गाडल्या गेलेल्या जंगलातून ती जाते. नाहुकूला मात्र पायऱ्या आहेत आणि आतली जमीन ओली असते. तरुण मंडळी किलाउएआ इकी उतरत असताना ज्येष्ठांना गाडीने काठाकाठाने फिरवून पलीकडे भेट घडवता येईल का, हे आधीच ठरवावे. त्यासाठी गाईडव्यतिरिक्त दुसरा चालक लागू शकतो.

दमा, हृदयविकार, गर्भारपण किंवा तान्हे बाळ असेल तर?

येथे काळजीपूर्वक निर्णय घ्यावा. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. हवेतील आर्द्रतेशी आणि सूर्यप्रकाशाशी त्याची प्रक्रिया होऊन धुरकट हवा तयार होते आणि तिला तेथे ‘व्हॉग’ म्हणतात. दमा व हृदयाचे विकार असलेल्यांना, गर्भवतींना आणि लहान मुलांना तिचा त्रास लवकर होतो. नेहमीचा मास्क हा वायू अडवत नाही. उद्यानातील हवेची मोजमापे जाहीर होत असतात. ती सकाळी पाहावीत, इनहेलर खिशात ठेवावा, गंधकाचा उतार वगळावा, आणि जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हवा बिघडली तर अर्ध्यावरून परतण्याची मोकळीक गाईडकडून आधीच मिळवून ठेवावी.

कारंज्यांच्या प्रसंगी काचेचे सोनेरी, केसांहून बारीक धागे वाऱ्याबरोबर दूरवर उडतात. हवाईयन लोकांच्या ज्वालामुखी-देवीवरून, म्हणजे पेलेवरून, ‘पेलेचे केस’ या नावाने ते ओळखले जातात. वाहनतळाच्या कडेला, झुडपांच्या बुंध्याशी त्यांचे पुंजके अडकलेले दिसतात आणि मुलांना ते उचलावेसे वाटतात. ते त्वचेत रुततात व डोळ्यांना इजा करतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये.

आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर बाराशे मीटर उंचीवर केव्हा जाणे सुरक्षित आहे, हे डायव्हिंगच्या प्रशिक्षकाला विचारूनच सहलीचा दिवस ठरवावा.

कपडे आणि बूट कोणते असावेत?

समुद्रकिनाऱ्यावरच्या कपड्यांत आलेले पर्यटक माथ्यावर कुडकुडतात. तेथे किनाऱ्यापेक्षा सात-आठ अंशांनी थंड असते, पाऊस केव्हाही येतो आणि संध्याकाळनंतर गारठा वाढतो. स्वेटर, पावसाळी जाकीट, लांब पँट आणि पुढून बंद असलेले बूट हवेत. चपला-सँडल घालून लाव्हावर चालू नये, कारण खडकाची धार काचेसारखी असते आणि पडल्यास तळहात सोलून निघतात.

शाकाहारी जेवणाचे काय?

उद्यानात आणि व्होल्कॅनो गावात खाण्याची ठिकाणे मोजकीच आहेत, आणि शाकाहाराची, त्यातही कांदा-लसूण न खाणाऱ्यांची, सोय होईलच असे नाही. गाईड डबा देणार असल्यास त्याला ‘मासे आणि अंडीही नकोत’ असे स्पष्ट कळवावे. दशम्या, चटणी, चिवडा बरोबर ठेवणे सर्वांत सोयीचे. मात्र हवाईत येताना फळे, बिया, रोपे यांची घोषणा करावी लागते, कारण बेटांवरील वनस्पतींना बाहेरच्या किडीपासून मोठा धोका असतो.

वाटेत करड्या-तपकिरी रंगाचे नेने हंस गाडीपाशी येतात. १९५० च्या सुमारास हे पक्षी राज्यभरात जेमतेम तीस उरले होते आणि मोठ्या कष्टाने त्यांची संख्या पुन्हा वाढवली गेली. त्यांना खाऊ घातले, की ते गाड्यांजवळ घुटमळू लागतात आणि चाकाखाली येतात. चिवड्याचा एक दाणाही टाकू नये.

रात्री थांबावे का?

उद्यान चोवीस तास उघडे असते. विवरात लाव्हा असल्यास अंधारात त्याची लाली अधिक स्पष्ट दिसते, म्हणून दुपारी सुरू होऊन रात्री संपणारी सहल उत्तम. प्रत्यक्ष कारंजी चालू असतील, तर गर्दी फार होते. अशा वेळी पहाटे जाणे बरे.

पेले देवीला नारळ, फुले वाहिली तर चालेल का?

भावना चांगली असली, तरी कृपया तसे करू नये. हालेमाउमाउ हे पेलेचे निवासस्थान आहे, अशी हवाईयन लोकांची श्रद्धा आहे. ती आजही जिवंत आहे, आणि विवराच्या काठावर ओली आणि हुला हे मंत्रपठण व नृत्य आजही सादर होते. बाहेरून आणलेले नारळ, फुले, नाणी, उदबत्त्या तेथे ठेवल्याने उंदीर-मुंग्या येतात आणि जागा अस्वच्छ होते. हात जोडून शांतपणे उभे राहावे. कोणी मंत्र म्हणत असेल, तर मध्ये बोलू नये आणि परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ नये.

आठवण म्हणून छोटासा दगड आणला तर?

राष्ट्रीय उद्यानातून दगड, वाळू, रोप काहीही उचलणे बेकायदेशीर आहे. गाईड ‘घ्या हो, कोणी पाहत नाही’ म्हणाला, तरीही.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच आहे ना? मग तेथे वेगळे काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याने अवश्य जावे. दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनले आहे. त्याचा खडक बसाल्ट आहे आणि किलाउएआचाही बसाल्टच. दोन्हींचे मूळ पृथ्वीच्या पोटातील तप्त स्थानाशी जोडले जाते. आपले स्थान आज हिंदी महासागरातील रेयुनियों बेटाखाली आहे. पाहोएहोए आणि आ-आ ही लाव्हाच्या दोन प्रकारांची हवाईयन नावे पुणे-नाशिककडच्या थरांचे वर्णन करतानाही भूशास्त्रज्ञ वापरतात. पाहोएहोए गुळगुळीत असतो. त्याचा पृष्ठभाग थंड होत असताना खालचा रस पुढे ढकलला जातो आणि तापल्या दुधावरची साय बोटाने सरकवावी तशा त्याला वळ्या पडतात. आ-आ खडबडीत आणि टोकदार असतो.

किलाउएआच्या ताज्या खडकातील वायूचे बुडबुडे रिकामे, काळे आणि चकचकीत दिसतात. वाघोली, जळगाव, नाशिक या बाजूंच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये नंतरच्या काळात पाण्यातून झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिक भरले गेले. आपल्या घाटांत दोन थरांच्या मध्ये दिसणारा तांबडा पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधल्या शांत काळात झिजलेला खडक. चेन ऑफ क्रेटर्स रस्त्यावर एका सालचा प्रवाह दुसऱ्या सालच्या प्रवाहावर चढलेला पाहिल्यावर वरंध किंवा ताम्हिणी घाटातील पायऱ्या कशा रचल्या गेल्या असतील, हे डोळ्यांसमोर उभे राहते. गाईडला आपण दख्खनच्या पठारावरून आलो आहोत असे जरूर सांगावे. भूशास्त्राची जाण असलेला गाईड हे ऐकून मनापासून खुलतो.

ड्रोन उडवता येतो का?

नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्यास मनाई आहे.

सहल चालू असताना धोका निर्माण झाला तर?

वेधशाळेची उपकरणे सतत नोंदी घेत असतात आणि धोका दिसताच प्रशासन रस्ते व वाटा बंद करते. २०१८ साली उद्यानाचा बहुतेक भाग मे महिन्यापासून २२ सप्टेंबरपर्यंत बंद होता. प्रत्यक्षात अपघात होतात ते बहुधा कुंपण ओलांडल्यामुळे. विवराचे काठ आतून पोखरलेले आणि भुसभुशीत असतात, आणि वरून ते भक्कम भासतात. कुंपणापलीकडे ‘खास जागा’ दाखवतो म्हणणाऱ्या गाईडला तेथेच नकार द्यावा.

उद्यान बंद झाले किंवा लाव्हा दिसला नाही, तर पैसे परत मिळतात का?

उद्यानच बंद असल्यास बहुतेक जण रक्कम परत करतात किंवा दिवस बदलून देतात. केवळ लाव्हा दिसला नाही, म्हणून परतावा मिळत नाही, आणि ते योग्यही आहे. पाऊस हे कारण सहसा धरले जात नाही. या अटी पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्याव्यात. दिवस बदलण्याची मुभा असेल, तर थोडी जास्त रक्कम देण्यास हरकत नाही.

गाईडला टिप द्यावी लागते का?

सक्ती नसते, पण अमेरिकेत ती रीत आहे आणि साधारणपणे सहलीच्या रकमेच्या १५ ते २० टक्के दिले जातात. काही जण ही रक्कम आधीच बिलात धरतात, तेव्हा बिल पाहून मगच द्यावी.